सोनगढी गेली कुठं?

१

रविवारी सकाळी 'काळी गढी'च्या कोशातून दोन गढ्या नाहीशा झाल्या आणि चहा निवायच्या आत आरोपीही ठरला. चौकशी नाही, साक्ष नाही, थेट नोटीस. मी वकील आहे. असली घाई बघितली की माझं डोकं फिरतं.

आधी माझी ओळख. मी महामाया. अहमदपूरच्या कोर्टात वकिली करते, बहुतेक वाटणीचे दावे. आणि फावल्या वेळात मोबाईलवर 'काळी गढी' खेळते. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. बाररूममधले आमचे सीनियर लोक क्रिकेटवर भांडतात, मी गढीवर भांडते.

हा खेळ हैदराबादच्या एका छोट्या कंपनीनं काढलाय. आपल्याकडच्या मातीच्या गढ्या, त्यातली घराणी, त्यांच्या लढाया आणि सोयरिकी. एक घराणं निवडायचं आणि वाढवत न्यायचं. लातूर-नांदेडकडच्या खेळाडूंना हा खेळ इतका लागला की त्यांनी त्याचा मराठी कोश उभा केला. इंटरनेटवर, सगळ्यांनी मिळून लिहायचा. प्रत्येक पात्राला एक पान, प्रत्येक हत्याराला एक पान, प्रत्येक नकाशाला एक पान.

पानं वाढली की पसारा होतो, म्हणून वर्ग आणि उपवर्ग करावे लागतात. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे समजा. 'घराणी' ही फळी. तिच्यावर सोनगढी हा एक डबा, तांबगढी हा दुसरा, बाकीची घराणी आणखी पुढं. डबा उघडला की आत त्या घराण्याची माणसं. नवीन खेळाडू फळीवरून डब्यात आणि डब्यातून माणसापर्यंत येतो.

त्या सकाळी फळीवर बाकी सगळे डबे होते, सोनगढी आणि तांबगढी नव्हते. हीच दोन घराणी खेळात सगळ्यात मोठी. अर्धीअधिक पात्रं त्यांच्यातली. पानं पुसली नव्हती, नाव टाकून शोधलं तर सापडत होती. पण फळीवरून तिथं जायची वाटच बंद झाली होती.

मला नांदेडहून पुनमचा फोन आला. पुनम कोशातले नकाशे काढते, फार्मसीला शिकते, एरवी हळू बोलते. त्या दिवशी आवाज चढला होता. म्हणाली, "ताई, मंजुषा मॅडम शिवमला काढून टाकून राहिल्यात. कायमचं. तुम्ही पंच हाव ना? मग काहीतरी करा."

कोशातल्या भांडणांची पंच मी होते खरी. लातूरवाल्यांना नांदेडचा पंच नको, नांदेडवाल्यांना लातूरचा नको, म्हणून मधल्या अहमदपूरची मी. आजवर कामच पडलं नव्हतं.

मी नोटीस वाचली. कोशाची मुख्य ॲडमिन मंजुषा, लातूरला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. तिनं चावडीवर, म्हणजे कोशातल्या चर्चेच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं की शिवमनं मुद्दाम दोन घराणी अडकवून ठेवली आहेत आणि आज सूर्य मावळेपर्यंत खुलासा आला नाही तर त्याचं खातं बंद होईल.

शिवम मुखेडचा. बी.ए. झालेला, घरी बसलेला, कोशात सगळ्यात जास्त राबणारा. कंपनीनं खेळातच मराठी मार्गदर्शिका द्यायचं ठरवलं होतं आणि ती सांभाळायला त्याची निवड केली होती. पगाराची नोकरी, त्याची पहिली. अट एकच होती. कोशाच्या मुख्य ॲडमिननं रविवारपर्यंत त्याच्या नावाला होकार कळवायचा. ज्याला स्वतःच्याच लोकांनी हाकललं तो कंपनीला नको होता.

कोशात कोणी काय बदललं याची नोंद आपोआप राहते. मी ती उघडली. शनिवारी जेवणाआधी कोणीतरी सोनगढीचा डबा फळीवरून काढून तांबगढीच्या डब्यात ठेवला होता. जेवणानंतर तांबगढीचा डबा फळीवरून काढून सोनगढीच्या डब्यात ठेवला होता. दोन डबे एकमेकांच्या पोटात. घरातल्या डब्यांना हे जमत नाही, कॉम्प्युटरला जमतं.

दोन्ही बदलांपुढं एकच नाव होतं, शिवम.

२

मी शिवम, मंजुषा, पुनम आणि सोमेश या चौघांनाही अहमदपूरला बोलावलं. आदल्या दिवशी, शनिवारी, ही मंडळी माझ्याच ऑफिसच्या वरच्या खोलीत जमली होती, वर्गांची आवराआवर करायला. मी चाकूरला लग्नाला गेले होते, किल्ली ठेवून. म्हणजे जे झालं ते माझ्याच छताखाली झालं होतं आणि त्याचा मला जास्तच राग होता.

दुपारी सगळे आले. एकेकाला मी खाली माझ्या टेबलासमोर बसवलं.

शिवमनं खुर्चीत बसल्या बसल्या हात बांधले. मी विचारलं, लॅपटॉप कोणाचा होता? त्याचा. इंटरनेट त्या एकावरच नीट चालत होतं, म्हणून सगळ्यांनी आळीपाळीनं त्याच्यावर काम केलं. त्यानं सकाळी एक नवा नियम समजावून सांगितला होता, की जो डबा दुसऱ्या डब्यात गेला तो फळीवर परत ठेवायचा नाही, नाहीतर एकच गोष्ट दोनदा दिसते. मग तो जेवण सांगायला धान्याच्या मोंढ्याकडच्या खानावळीत गेला. खानावळीत गर्दी होती, तो ताटं घेऊनच परतला.

मी म्हटलं, मग हे सगळं चावडीवर लिहिलं का नाहीस?

"मला कुणी विचारलंच न्हाई, ताई. थेट नोटीस लावली. मग राहू द्या की लावलेली."

मला त्या पोराचा रागही आला आणि कीवही. नोकरी हातची चालली होती आणि हा रुसून बसला होता. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. तो खाली मान घालून वर निघून गेला.

मंजुषा ताठ बसली. तिचं म्हणणं सरळ होतं. आठवड्यापूर्वी घराणी कशी लावायची यावरून तिचं आणि शिवमचं वाजलं होतं. त्याला गावांप्रमाणे लावायची होती, हिनं नाही म्हटलं. तेव्हा तो म्हणाला होता, मग तुमच्या गढ्या तुम्हीच सांभाळा. आता बघा, गढ्याच गेल्या. बदलांपुढं नाव त्याचं, नियम त्याचा, राग त्याचा.

"गणित आहे हे," ती म्हणाली. "उत्तर एकच येतं."

गणिताच्या माणसांचा आत्मविश्वास मला आवडतो, पण कोर्टात मी तो रोज पडताना बघते. मी तिला सहज विचारलं, खेळात कुठवर आलीस? ती म्हणाली, क्लासच्या परीक्षा सुरू आहेत, महिनाभर हात लावला नाही. तिच्या खेळात बसम्माची लेक गुरम्मा अजून पाळण्यात होती.

इथं खेळातली थोडी सोयरीक सांगायला हवी. बसम्मा ही सोनगढीची लेक, तांबगढीत दिलेली. खेळाचा नियम असा की ज्यानं लेक दिली त्याच्या गढीचा दरवाजा घेणाऱ्याला उघडा होतो आणि सैन्य त्याच्या झेंड्याखाली लढतं. त्यामुळं बसम्माच्या लग्नापासून सोनगढी तांबगढीच्या हाताखाली होती. मग शुक्रवारी खेळाचा नवा भाग आला. त्यात गुरम्मा मोठी झाली आणि तिचं लग्न लागलं सोनगढीच्या मन्मथशी. मन्मथ म्हणजे बसम्माचा सख्खा भाऊ, गुरम्माचा मामा.

पुनमनं हा नवा भाग खेळला होता आणि तिला तो अजिबात पटला नव्हता. म्हणाली, आमच्यात मामाला भाची देत नाहीत, मामा म्हणजे बापाच्या जागी. कंपनीची काहीतरी चूक झाली असं समजून तिनं तक्रारही पाठवली होती. कंपनीचं उत्तर येईपर्यंत त्या लग्नाचं पान करायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. शनिवारी तिनं फक्त नकाशे लावले, इस्लापूरच्या धबधब्यासारखा दिसणारा एक नकाशा तिला फार आवडला होता, त्याच्यातच तिचा वेळ गेला.

राहिला सोमेश. उदगीरचा, घरचं भुसार दुकान, बोलायला गोड. आणि शिवमच्या नोकरीसाठी दुसऱ्या नंबरवर याचंच नाव होतं. शिवम गेला की नोकरी सोमेशला, ही गोष्ट वर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

मी त्याला सरळ विचारलं, सोनगढी आणि तांबगढी तू गायब केल्यास?

"न्हाई, अक्का. मी कशाला गायब करू? शप्पथ घेऊन सांगतो."

साक्षीदार खोटं बोलतो तेव्हा बहुधा माझ्या डोळ्यांत बघून बोलतो. सोमेश बिस्किट चहात बुडवत बोलला आणि तेही अगदी निवांत. मला वाटलं हा खरं सांगतोय. पण मग वर उरलं कोण?

३

मी लॅपटॉप मागवला आणि शनिवारची सगळी नोंद वरून खाली वाचत गेले. तिथं शिवमच्या नावानं नकाशे लागले होते, त्या धबधब्याच्या नकाशासकट.

मी पुनमला खाली बोलावलं. हे नकाशे कोणी लावले? मीच, ती म्हणाली. मग नाव शिवमचं कसं? तिनं स्क्रीनवरचं खातं तपासलं. मग तिच्या लक्षात आलं. लॅपटॉपवर शिवमचं खातं उघडंच होतं. ती तशीच बसून कामाला लागली होती.

म्हणजे शनिवारची नोंद साक्षीला निरुपयोगी होती. त्या दिवशी त्या लॅपटॉपवर जो बसला त्याचं काम शिवमच्या नावावर चढलं.

हे मी वर जाऊन सगळ्यांना सांगितलं. सोमेश हसला. मंजुषा हसली नाही. ती म्हणाली, ठीक आहे, कोणीही असू शकतं. म्हणजे शिवमही असू शकतो. सूर्य मावळायला आला, ताई. कंपनीला मी काय कळवू?

मुद्दा बिनतोड होता. शिवमनं माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच, आणि मला त्या नजरेत भीती दिसली. आता त्याचा रुसवा गेला होता. मी त्याला म्हटलं, बस गप, मी अजून हरले नाही.

खिडकीत उभी राहून मी विचार केला. दोन बदल होते. जेवणाआधीचा एक, जेवणानंतरचा एक. दोन्हीत शिवमचा नवा नियम शब्दाबरहुकूम पाळलेला. डबा दुसऱ्या डब्यात ठेवला आणि फळीवरून काढला. ज्याला कोश बिघडवायचा आहे तो नियम कशाला पाळेल? तो पानं पुसेल, शिव्या लिहील. हे काम नीटनेटक्या माणसाचं होतं. आणि नीटनेटका माणूस एका दुपारी सोनगढी तांबगढीत आणि मग तांबगढी सोनगढीत कशी ठेवेल? केलेलं काम तोच कसा उलटं करेल?

मग मला वाटणीचे दावे आठवले. मी अशिलाच्या घराची वंशावळ काढते तेव्हा रेघा खाली खाली जातात. पण ज्या घरात मामाला भाची दिलेली असते तिथं खाली गेलेली रेघ वळून वर येते. नवखे ज्युनिअर हे बघून कागद फाडतात. रिवाज असेल तिथं कायदाही आडवा येत नाही, पण ज्युनिअरला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

मी शोधत होते एक गुन्हेगार. इथं गुन्हेगारच नव्हता. माणसं मात्र दोन होती.

४

मी एकेकाला गच्चीवर नेलं आणि एकच प्रश्न विचारला. सोनगढीनं बसम्मा तांबगढीला दिली, आता सोनगढीचा डबा कुठं ठेवशील?

पुनम म्हणाली, कुठं म्हणजे? फळीवर, होता तिथंच. पोरगी दिली म्हणून घर थोडंच दिलं?

सोमेश म्हणाला, तांबगढीत. खेळाचा नियमच तसा हाय, देणारा घेणाऱ्याखाली. मी पुढं विचारलं, आणि गुरम्मा मामाला दिली, मग?

"मग तांबगढी सोनगढीत. शनिवारी जेवण झाल्यावर म्याच तर लावली," तो म्हणाला. लपवायचं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी विचारलं, अरे, लावताना सोनगढी आधीच तांबगढीत आहे हे दिसलं नाही का?

"हौद," तो उदगीरच्या कानडी ढंगात हो म्हणाला, "दिसलं की. त्यात काय वाईट हाय? आमच्या आईला तिच्या मामाला दिलंय. आमची आजी लागते तीच आत्या बी लागते. आमचं आजोळ आन आमचं घर एकच, अक्का."

त्याला तो फेरा घरच्यासारखा वाटला होता. म्हणून तो चहा पीत शपथ घेऊन नाही म्हणाला. त्यानं काही गायब केलंच नव्हतं, त्याच्या मते एक राहिलेली सोयरीक लावली होती.

जेवणानंतरचा बदल सुटला. जेवणाआधीचा राहिला, आणि तो सोमेशचा नव्हता. त्याची उदगीरची एस.टी. वाटेत बंद पडली होती, तो आला तेव्हा बाकीच्यांची जेवणं चालली होती, नवा नियमही शिवमनं त्याला तेव्हाच सांगितला. शिवम खानावळीत होता. त्या वेळी खोलीत पुनम आणि मंजुषा दोघीच होत्या आणि पुनम तर म्हणते पोरगी दिली म्हणून घर देत नाहीत.

मंजुषाला मी शेवटी नेलं. तिनं क्षणभरही विचार केला नाही. तांबगढीत, ती म्हणाली. तर्क साफ आहे. मी गुरम्माचं काही विचारलं नाही, तिच्या खेळात ती अजून पाळण्यात होती. मी फक्त विचारलं, शनिवारी सकाळी तू काय काम केलंस?

"घराण्यांची आवराआवर. दोन तास मान वर केली नाही मी."

"मग तुझ्या नावावरची नोंद दाखव."

ती लॅपटॉपपाशी बसली. स्वतःचं खातं उघडलं, शनिवार काढला. तिच्या नावावर त्या दिवशी एकही बदल नव्हता. तिनं पान पुन्हा उघडलं, पुन्हा बघितलं. मग तिचा हात कीबोर्डवरून खाली आला. सकाळी आपण आपल्याच खात्यात आहोत असं ती धरून चालली होती. ते खातं शिवमचं होतं. तिनं सोनगढी तांबगढीत ठेवली, नियमाप्रमाणे फळीवरून काढली आणि विसरून गेली. आवराआवरीत अशा कितीतरी गोष्टी ती इकडच्या तिकडं करत होती. दुसऱ्या दिवशी तोच बदल शिवमच्या नावावर दिसला आणि तिनं नोटीस लावली.

एकटा तिचा बदल असता तर सोनगढी तांबगढीत सापडली असती. एकट्या सोमेशचा असता तर तांबगढी सोनगढीत सापडली असती. दोन शहाणी माणसं एकाच नियमानं वागली आणि दोन्ही घराणी फळीवरून उतरली.

५

हे सगळं मी वरच्या खोलीत सगळ्यांसमोर मांडलं. सोमेशनं कान पकडले आणि शिवमला म्हणाला, नोकरीचं माझ्या मनातबी नव्हतं बघ. शिवमनं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दोघांचं तिथंच मिटलं.

मग शिवम लॅपटॉपवर बसला आणि काम करू लागला. दोन्ही डबे फळीवर परत ठेवले. 'सोयरिकी' नावाचा वेगळा वर्ग केला, कोणाची लेक कोणाकडं दिली ते तिथं, म्हणजे घरं आपापल्या जागी राहतील आणि नातं नात्याच्या जागी. पुनमनं विचारलं, मामा-भाचीचं लग्नही तिथंच का? हो, शिवम म्हणाला, खेळात आहे ना, मग कोशात असणार. पुनमनं नाक मुरडलं पण पान तिनंच करायला घेतलं.

मंजुषा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होती. तिनं चावडीवरची नोटीस काढली आणि तिथं स्वतःच्या नावानं लिहिलं की चूक माझी होती. मग ती उठून शिवमपाशी आली आणि माफी मागू लागली. गणिताची बाई, वाक्यं नीट जुळवून आली असणार, पण मधेच रडू फुटलं.

शिवम स्क्रीनवरून नजर न काढता बोलला.

"मॅडम, चार वर्षं आपण रोज बोलतो. माझ्या आईच्या ऑपरेशनला तुम्ही मुखेडला येऊन गेलात. आन ह्या गोष्टीला एक फोन न्हाई केला मला?"

मला माझीच लाज वाटायला लागली, कारण खरं सांगायचं तर मीही त्याला दुपारभर शंभर गोष्टी विचारल्या होत्या, पण ती एक गोष्ट सरळ विचारली नव्हती.

बाहेर सूर्य कलला होता. कंपनीला होकार कळवायचं पान मंजुषाच्या मोबाईलवर उघडं होतं. तिनं डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि शिवमच्या समोर बसली, त्याला बघावंच लागेल अशी.

"सकाळी विचारायला पाहिजे होतं ते आत्ता विचारते. शिवम, हे तू केलंस का?"

त्यानं नजर वर करून तिच्याकडं बघितलं. त्याचेही डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत.

"न्हाई, मॅडम."

"बरं," मंजुषा म्हणाली आणि तिनं होकाराचं बटण दाबलं.